वाण्याच्या गोष्टीचा शेवट

काकू,

शोकसभेला मी आलो होतो. मंडळाच्या हॉलमध्ये अगदी मागं, जिथं चपला काढून ठेवतात तिथं भिंतीला टेकून बसलो होतो. तिथून तुमचा फोटो नीट दिसत नव्हता, पुढच्यांची डोकी आड येत होती. बरेच जण बोलले. तुम्ही जयपुरातल्या पोरांना गोष्टी सांगितल्यात, मराठी त्यांच्या कानावर राहू दिलीत, असं सगळे म्हणाले आणि ते खरंच आहे. मग एकजण म्हणाले, शेवटी शेवटी बाईंना विसर पडायला लागला होता, गोष्टीतलं काहीच्या काही व्हायचं, तरी त्यांनी रविवार सोडला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनीही हलवली.

तुम्ही काही विसरला नव्हतात. हे मला ठाऊक होतं आणि त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. उठून एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी समोरच्या चपला सारख्या करत राहिलो. तेवढ्यात सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, मीही उभा राहिलो, आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडलो.

आता मंडळाचे लोक म्हणतात, अंकात काकूंवर तुझ्याही चार ओळी दे. चार ओळींत बसणारं नाही हे. आणि लिहायचं तर तुम्हालाच लिहितो. दुसऱ्या कुणाकडं बघून मला हे सांगता यायचं नाही.

आपली पहिली भेट मंडळाच्या गणपतीत झाली. मी प्रसादाला हात पुढं करत नव्हतो. आमचं गलाईचं काम. सोनारांच्या दुकानातला झाडलोटीचा कचरा, तुटके दागिने आणायचे, वितळवायचे, तेजाबात घालायचे आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून द्यायचं. जोहरी बाजारामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमची भट्टी. आमच्याकडची माणसं याच कामावर देशभर पांगलीत. या कामात बोटं काळी पडतात आणि ती कशानंही निघत नाहीत. लोकांना वाटतं हा हात न धुता आलाय. तुम्ही माझा हात धरून पुढं ओढलात, त्यावर खिरापत ठेवलीत आणि विचारलंत, "कुठला रे तू?"

"आटपाडीजवळचा."

"म्हणजे आटपाट नगरातलाच की."

मी म्हणालो, नाही, आटपाडी. सांगली जिल्हा. आजूबाजूचे हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडं जरा वेळ बघितलंत आणि हळूच म्हणालात, "लहानपणी तुला कुणी गोष्टी सांगितल्या नाहीत का रे?"

नव्हत्याच सांगितल्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, जेवता जेवता तिचे डोळे मिटायचे. पाचवीनंतर चुलत्याबरोबर मी भट्टीवर आलो. भट्टीवर कोण गोष्टी सांगणार. आटपाट नगर नावाचं गाव गोष्टीत असतं आणि ते लहान पोरालाही माहीत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. कानशिलं तापली होती माझी. पण मला हसलं नाही असं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

पुढं बायको आणि मंगलला गावाकडून आणायचं ठरलं तेव्हा खोलीही तुम्हीच बघून दिलीत, हसनपुऱ्यात, तुमच्या रेल्वे कॉलनीच्या भिंतीला लागून. घरमालक गलाईवाल्याला खोली द्यायला तयार नव्हता. तुम्ही त्याला सांगितलंत, हा माझा सख्खा पुतण्या आहे. खोटं बोलायची सवय नव्हती तुम्हाला. कान लालभडक झाले होते. परतताना म्हणालात, "आता मला काकूच म्हण बाबा, नाहीतर मला पाप लागेल." तेव्हापासून काकू.

मंगल तुमच्याकडं पहिल्या रविवारपासून रुळली. माझ्याकडं ती रुळत नव्हती. मी खोलीत आलो की ती आईच्या मागं. जेवायला बसलो की माझ्या बोटांकडं बघायची. मला ती कशानंच हाक मारायची नाही. काही सांगायचं असलं तर आईला सांगायची, "त्यांना म्हणावं पाणी संपलंय." तुम्हाला मात्र काकू, काकू करून भंडावून सोडायची. मला बरं वाटायचं, आणि थोडं वाईटही वाटायचं.

तुमच्या त्या दुपारच्या रात्री मंडळातल्या अर्ध्या लोकांनी पाहिल्याच नसतील, म्हणून लिहितो. आधी तुम्ही रविवारी दुपारी उघड्या उजेडात गोष्टी सांगायचात. शेजारच्या क्वार्टरमधल्या पप्पूचा मामा एकदा दौशाहून यायचा होता, तो चुकीच्या बसमध्ये बसला आणि दिवस मावळताना उगवला. पप्पूची दादी तरातरा तुमच्या दारात आली. त्यांच्यात मानतात, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. दुसऱ्या कुणी वाद घातला असता. तुम्ही म्हणालात, "दादीजी, पोरांचे मामा हरवून कसं चालेल? आपण रात्र करू." आणि खिडकीवर जयपुरी रजई टांगलीत, दार लावलंत, कंदील पेटवलात. दादी स्वतः आत बसून तपासायची. दाराखाली फट दिसली तर ओढणी खुपसायची, "अठै सूं चानणो आवै छै," म्हणजे इथनं उजेड येतोय. मेच्या उन्हाळ्यात रजईआड बसून पोरं घामानं निथळायची आणि तुम्ही सांगितलंत म्हणून खोट्या जांभया द्यायची. मंगलनं पहिल्याच दिवशी शंका काढली होती. माझा मामा तर गावातच असतो, त्यो कुठं चुकंल? तुम्ही म्हणालात, विहिरीवरून घरी येताना चुकेल. ते तिला पटलं.

मी मंगलला सोडायला यायचो आणि थांबतो इथंच म्हणून बाहेर पायरीवर बसायचो. रजईतून आवाज अर्धा यायचा. राजा कुठं गेला ते ऐकू यायचं, कशाला गेला ते यायचं नाही. मी खिडकीकडं सरकत सरकत जायचो. एका रविवारी तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी अगदी भिंतीला कान लावून होतो. थोराड बाप्या, मिशीवाला. जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं. आतून पोरं वाकून बघत होती, मंगलही.

तुम्ही त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "महादेव, बरं झालं थांबलास. मला एक माणूस हवाच होता." आणि दादीकडं वळून विचारलंत, तुमच्याकडं गोष्टीला हुंकारा लागतो ना? दादी म्हणाली लागतोच, त्याशिवाय सांगणारा पुढं कसा जाईल. एकानं हूं म्हणायचं, तरच पुढचं वाक्य. आपल्याकडंही ते असतं, पण पोरं सगळी एकदम हूं-हूं करायची, नको तिथं करायची. त्या दिवसापासून ते काम माझं झालं. तुम्हाला हुंकाऱ्याची गरज नव्हती, काकू. इतकी वर्षं तुमचं त्याच्यावाचून अडलं नव्हतं. मला आत बसायला कारण हवं होतं, ते तुम्ही दिलंत.

मला ते धड जमतही नव्हतं. राजाला तहान लागली असं तुम्ही म्हणालात की मी लगेच म्हणायचो, "जी." शेठनं काम सांगितल्यावर म्हणतो तसं. पप्पू म्हणाला, अंकल तो अब पानी लेने चले जाएँगे, आणि सगळी पोरं लोळायला लागली. तुम्ही म्हणालात, "घाई करू नकोस. राजाला आधी तहान लागू दे." हळूहळू जमलं. तेजाबाच्या धुरानं माझा आवाज बसकाच आहे, पण अंधारात तो चालून जायचा. राक्षस आला की वेगळा हूं, राणी रडली की वेगळा. मंगल माझ्याकडं पाठ करून बसायची. पण माझा हूं यायला जरा उशीर झाला की तिची मान वळल्यासारखी व्हायची. एवढंही मला पुरायचं. आठवडाभर भट्टीपुढं उभा असताना मी मनात तुमच्या गोष्टी फिरवायचो.

मग थंडीत पोरांनी वाण्याची गोष्ट मागितली. जुन्या पोरांना ती आदल्या वर्षीपासून तोंडपाठ होती. नवे होतो ते मी आणि मंगल.

एक वाणी होता, त्याला तीन मुली. तो व्यापाराला निघाला तेव्हा थोरलीनं शालू मागितला, मधलीनं बांगड्या. धाकटी म्हणाली, मला गाणारं बोर आणा. वाण्यानं देश पालथे घातले, शालू घेतला, बांगड्या घेतल्या, बोर विसरला. गावाच्या शिवेवर आल्यावर बैल खाली बसले. मारलं, चुचकारलं, बैल उठेनात. तेव्हा त्याला बोर आठवलं. गाडी तशीच गड्याच्या हवाली करून तो आल्या वाटेनं परत फिरला. जंगलं झाली, डोंगर झाले, एका म्हातारीकडं पाणी भरलं, एका राक्षसाची गुरं राखली. वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी बोर मिळालं. धोतराच्या सोग्यात गाठ मारून तो घरी निघाला.

इथवर मी हूं म्हणत होतो. चांगला म्हणत होतो. राक्षसाच्या गुरांपाशी तर पप्पूनंही माझ्याकडं बघून मान डोलावली.

मग तुम्ही म्हणालात, थोरलीचं लग्न झालं होतं, मधलीचं झालं होतं. दाराची कडी धाकटीनं काढली. तिनं त्याला वरून खाली बघितलं.

आणि थांबलात, हूंसाठी.

तो आलाच नाही. कंदिलाची वात तडतडली. पोरं एकेक करून माझ्याकडं वळली. मंगलही वळली. मी खाली बघत होतो.

मंगलला इकडं आणायच्या आधीच्या दिवाळीला मी गावी गेलो होतो. बायको रानात होती. कडी मंगलनं काढली. वरून खाली बघितलं तिनं, अगदी तसंच, आणि म्हणाली, "आई रानात गेलीया, मागनं या." आणि दार लावून घेतलं. मी आपल्याच घराच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. येणारे-जाणारे विचारत होते, का रं महादू, भाईर का? मी म्हणायचो, वारं खातोय. पोरीचं काही चुकलं नव्हतं. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला कोण ओळखेल. पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. तुम्ही फक्त माझा खाली गेलेला चेहरा बघितलात, आणि त्याला टक लावून बघणारी मंगल बघितलीत.

तुम्ही पुढं म्हणालात, "आणि तेवढ्यात सोग्याच्या गाठीतलं बोर गायला लागलं. मुलीनं गाणं ऐकलं आणि ती बाबा म्हणून धावत आली."

पोरांनी गिल्ला केला. काकू, ये गलत है. बोर तो सूख गया था. गाता थोड़ी है. धाकटी तर त्याला ओळखतच नाही, वाटसरू समजून पाण्याचा तांब्या देते आणि तो पाणी पिऊन पायरीवर बसतो, तिथं गोष्ट संपते. सगळी पोरं तुम्हाला तुमचीच गोष्ट समजावून सांगायला लागली. तुम्ही म्हणालात, "हो का? मग मला आठवलं नसेल रे बाबांनो." कंदिलाच्या उजेडात पोरांना तुमचे कान दिसले नाहीत. मला दिसले.

पप्पूनं ते घरी सांगितलं. घरातून ते नळावर गेलं, नळावरून मंडळात. काकू आता विसरायला लागल्या. काकांनी तर मनावरच घेतलं. काड्यापेटी कपाटावर ठेवायला लागले, कंदील स्वतः पेटवायला लागले. तुम्ही भाजीला निघालात की मागून यायचे. भाजीत मीठ घातलंस का, दुधाखालचा गॅस बंद केलास का, असं चार माणसांत विचारायचे, प्रेमानं, आणि तुम्ही हो हो म्हणायचात.

हे सुरू झालं तशी एका संध्याकाळी मी तुमच्याकडं आलो होतो. दिवाळीची ती हकिगत तेव्हा सांगितली. म्हणालो, मी काकांना खरं काय ते सांगतो.

"काय सांगशील? तुझा हूं अडकला म्हणून मी शेवट बदलला?"

"व्हय."

"मग पोरं विचारतील का अडकला. मग मंगल ऐकेल. सहा वर्षांची पोर, तिला कळेल की आपण बापाला दाराबाहेर ठेवलं. ते घेऊन तिनं काय करायचं?" तुम्ही शेंगा सोलत होतात, हात थांबले नाहीत. "मला विसरभोळी म्हणू देत. माझं काय जातंय."

मी गप्प बसलो. लाज मला गप्प बसल्याची वाटत नाही, तुम्हीच बसवलं होतंत. लाज वाटते ती याची, की तुमच्या घरातून बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. काका आतून तुम्हाला विचारत होते, कडी नीट लावलीस ना, आणि ते ऐकत ऐकत मी हलका होऊन घरी चाललो होतो.

कानोत्याच्या धरणावर मंडळाची सहल गेली तेव्हा आपण भांडलो. आठवतं ना. पोरं बांधावरून ओरडत होती, गोष्ट, गोष्ट. तुम्ही म्हणालात एवढ्या उन्हाला रजई कुठून आणू, आणि त्यांना पळवून लावलंत. मग मी विषय काढला. म्हटलं, ती गोष्ट पोरांना सांगायचीच कशाला? बाप जन्मभर राबून येतो, बोर सुकलेलं, पोरगी ओळखत नाही. यातनं पोरांनी काय शिकायचं?

"शिकायला शाळा आहे," तुम्ही म्हणालात. "आणि पोरांना काही होत नाही रे त्यानं. पप्पूला विचार, त्याला सुकलेलं बोर फार आवडतं. होतं ते आपल्याला."

"मग तुम्ही सांगितला तसाच शेवट ठेवा की. चांगला आहे."

"नाही. माझ्या आत्यानं मला जशी दिली तशी मी देते. आजवर एक शब्द हलवला नव्हता. तो एकदाच हलवला."

ते 'एकदाच' तुम्ही रागानं म्हणाला नव्हतात, पण मला लागलं. मी चिडून विचारलं, तो पायरीवर बसला, त्याच्या पुढं काय झालं?

"पुढं गोष्टीत नाही."

"असायला पाहिजे."

"मग तू सांग."

मी म्हणालो, पाचवी शिकलेला माणूस मी, मी कुठं गोष्टी सांगणार. तुम्ही म्हणालात, आत्या शाळेत गेलीच नव्हती. उठताना तुम्ही सांगितलंत, "एका रविवारी मी ती परत सांगणार आहे. होती तशी. तू यायचंस आणि हूं म्हणायचंस. तुझ्याशिवाय नाही सांगणार."

मी आलो नाही. रविवारी दुकानं बंद असतात हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, तरी मी भट्टीवर काम आहे म्हणायचो. मंगलला कोपऱ्यापर्यंत सोडायचो आणि स्टेशनवर जाऊन बसायचो. तुम्ही बाकीच्या गोष्टी सांगितल्यात, दादीनं हुंकारा दिला. पोरांनी वाण्याची मागितली की म्हणायचात, हुंकाऱ्याचा घसा बसलाय, बरा होऊ दे. मंगल घरी येऊन आईला विचारायची, त्यांचा घसा कधी बरा व्हायचा?

आणि मग तुम्हीच गेलात.

तेरावं झाल्यावरचा रविवार तुम्हाला सांगायचा राहिलाय. काकांना कुणी काही बोललं नव्हतं, पण पोरं आपल्या सवयीनं आली. मंगलही निघाली. या वेळी मी कोपऱ्यावरून मागं फिरलो नाही. काका दारात उभे होते, पोरांना काय सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. पप्पूच आत घुसला आणि त्यानं रजई काढून खिडकीवर टांगली. मग काकांनी स्टूल घेतलं, कपाटावरची काड्यापेटी काढली, कंदील लावला आणि खाटेवर जाऊन बसले. मी दाराजवळ टेकलो.

सांगणार कोण? पप्पू म्हणाला मी सांगतो. त्यानं वाण्याचीच घेतली, हिंदीत, भराभरा, राक्षस अर्धा गाळून. दादी हूं हूं करत होती. दारापाशी आला तसा तो म्हणाला, बेटी ने पहचाना नहीं, बोर तो सूख चुका था.

मंगल उठून उभी राहिली. "खोटं! बोर गायलं."

"वो तो काकू भूल गई थीं."

"काकू भुलत नव्हती. तूच भुल्लास."

पप्पू म्हणाला, सबको पता है, काकू भूलती थीं. मंगलचा आवाज रडवेला झाला. काका खाटेवरून हळूच म्हणाले, "असू दे गं पोरी. तिच्या लक्षात राहत नव्हतं. तिचा दोष नाही तो."

तेव्हा मंगल माझ्याकडं वळली. "तुम्ही सांगा की. तुम्ही हुता तवा."

काकू, ती माझ्याशी थेट बोलली, मधे आई न घालता. आणि मला साक्ष द्यायची होती ती तिच्या विरुद्ध. तुम्ही विसरला नव्हतात हे सांगायचं, तर बोर गायलं नाही हेही सांगावं लागणार होतं. तिच्याकडून बघितलं तर गाणारं बोरच खरं होतं, आणि माझ्याकडूनही तेच बरं होतं. पण खाटेवर काका बसले होते, तुम्ही विसरत होतात असं धरून.

मी म्हणालो, "पप्पू बरोबर सांगतोय. बोर सुकलं होतं. पण काकू विसरल्या नव्हत्या. मला हूं म्हणता येईना, म्हणून त्यांनी शेवट बदलला. माझ्यासाठी."

काकांनी विचारलं, "म्हणजे तिला आठवत होतं सगळं?"

"शब्दन् शब्द, काका."

काकांनी हातातली काड्यापेटी खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "मी तिला रोज विचारायचो रे. मीठ घातलंस का." एवढंच. दादीला मराठी किती कळलं कोण जाणे, तिनं उठून त्यांच्या पायावर खाटेवरच्या पांघरुणाचं टोक ओढलं.

मला वाटलं एवढ्यावर निभावलं. पण तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. मंगलनं विचारलं, "का न्हाय आला हूं?"

मी सांगितलं. सगळ्या पोरांसमोर, काकांसमोर. गावाकडं मी दिवाळीला आलो होतो, कडी तू काढलीस, मी कोण ते तुला कळलं नाही, मी पायरीवर बसलो होतो. सांगताना माझी नजर माझ्या बोटांवर होती. तुम्ही जे तिच्यापासून इतके दिवस झाकून ठेवलंत, त्यासाठी नावं ऐकून घेतलीत, ते मी दोन वाक्यांत उघडं करून टाकलं. मला वाटलं, आता ही रडेल.

तिला ते आठवतच नव्हतं. ती माझं सोडून वाण्याकडंच गेली. "मग ती पोरगी त्याला भाईरच बसवती व्हय?"

"गोष्टीत तसंच हाय."

"न्हाय वळकलं तर न्हाय वळकलं," मंगल म्हणाली. "पर धूपमधी कशाला बसवायचं? आत घ्यायचं. पाणी द्यायचं. मग इचारायचं, कोण तुम्ही."

पप्पू म्हणाला, और चोर निकला तो?

"चोर कडी वाजवून येतो व्हय रं," ती म्हणाली, आणि माझ्याकडं पाठ करून त्याच्याशी भांडायला बसली.

आपलं कानोत्याचं भांडण कोण जिंकलं ते मला कळत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे गोष्टीत नाही. मी दाराजवळ तसाच बसून होतो. काका माझ्याकडं बघत होते, दादी बघत होती, मिशीवाल्या बाप्याच्या तोंडाकडं पोरंही बघत होती. लाज वाटत होती, काकू. उठून बाहेर जावंसं मात्र वाटलं नाही.